कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे डॉ. हॅन्सेन

युरोप खंडाच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, बर्गन हे जुने बंदर वसलेले आहे. वर्षातले बरेच दिवस तेथे पावसाची रिपरिप चालू असते. एकोणिसाव्या शतकात या गावाची ओळख दोन गोष्टींमुळे होती. एक म्हणजे सुकवलेल्या मासळीचा व्यापार आणि दुसरी म्हणजे कुष्ठरोग. युरोपातील बहुतेक देशांतून हा रोग तोपर्यंत जवळजवळ नाहीसा झाला होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील गरीब शेतकरी आणि कोळी यांच्या झोपड्यांत मात्र तो ठाण मांडून बसला होता. १८५६ साली सरकारने देशातील कुष्ठरुग्णांची गावोगाव नोंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा सुमारे पंधरा लाखांच्या लोकसंख्येत २,८०० हून अधिक रुग्ण आढळले. एका रोगाच्या सर्व रुग्णांची देशव्यापी नोंदवही ठेवण्याचा जगातील हा पहिलाच प्रयत्न होता. या नोंदवहीचा पुढे फार उपयोग व्हायचा होता.

बर्गनमध्ये सेंट यॉर्गन नावाचे कित्येक शतकांचे जुने कुष्ठालय होते. मधोमध एक लांबरुंद दालन आणि त्याभोवती लाकडी भिंतींच्या चिमुकल्या खोल्या, अशी त्याची रचना होती. एकेका खोलीत दोन दोन रुग्ण राहत आणि आपले अन्न आपणच शिजवून खात. तेथे आलेला माणूस बहुधा परत जात नसे. अशा या गावात २९ जुलै १८४१ रोजी गेऱ्हार्ड हेन्रिक आर्मावर हॅन्सेन यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांतील ते आठवे. वडिलांचा व्यापार बुडाला आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाची ओढाताण सुरू झाली. राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना हॅन्सेन यांना शिकवण्या करून खर्च भागवावा लागला. १८६६ साली ते डॉक्टर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी देशाच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर काढला. हिवाळ्यात कॉड मासे पकडण्यासाठी तेथे हजारो कोळी जमत. त्यांच्यावर उपचार करण्याचे ते काम होते.

१८६८ साली हॅन्सेन बर्गनला परतले आणि कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयात रुजू झाले. तेथील प्रमुख डॉ. डॅनिएल कॉर्नेलिउस डॅनिएलसन हे त्या काळी या रोगाचे युरोपातील सर्वश्रेष्ठ जाणकार समजले जात. त्यांनी आणि डॉ. बॉएक यांनी १८४७ साली कुष्ठरोगावर एक मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याआधी कातडीच्या अनेक विकारांना सरसकट कुष्ठ म्हटले जाई. त्या गोंधळातून या दोघांनी खरा कुष्ठरोग वेगळा काढला आणि त्याची दोन रूपे स्पष्ट केली. एका रूपात चेहरा, कान, हात-पाय यांवर गाठी उठतात. दुसऱ्या रूपात अंगावर चट्टे येतात, तेथील संवेदना जाते आणि हाता-पायांची बोटे वाकडी होऊ लागतात. रोग ओळखण्याच्या शास्त्रातले हे मोठेच पाऊल होते.

रोग होतो कशामुळे, या प्रश्नाचे डॅनिएलसन यांचे उत्तर मात्र चुकले होते. कुष्ठरोग आई-वडिलांकडून मुलांकडे रक्तातून उतरतो, असे त्यांचे ठाम मत होते. हे मत केवळ तर्कावर उभे नव्हते. रुग्णांच्या गाठींतील द्रव्य त्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते आणि रुग्णालयातील काही सेवकांनाही टोचले होते. कोणालाही रोग झाला नाही. तेव्हा तो संसर्गाने होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपल्याला ठाऊक आहे, की बहुसंख्य माणसांच्या शरीरात या रोगाशी लढण्याची नैसर्गिक शक्ती असते आणि ज्यांना तो होतो त्यांच्यातही लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही लागतात. डॅनिएलसन यांचे धाडस खरे होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नव्हता.

तरुण हॅन्सेन यांना आनुवंशिकतेची कल्पना पटेना. नोंदवहीतील कुटुंबे त्यांनी बारकाईने तपासली. प्रत्यक्ष खेड्यापाड्यांत जाऊन रुग्णांच्या घरी चौकशी केली. कोण कोणाच्या शेजारी झोपत होते, कोण कोणाबरोबर एका होडीवर काम करत होते, हे त्यांनी विचारून घेतले. रोग रक्ताच्या नात्यापेक्षा सहवासाच्या वाटेने जातो, असे त्यांना दिसू लागले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. ज्या भागांतून अधिक रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले होते, त्या भागांत नव्या रुग्णांची संख्या अधिक वेगाने घटत होती. रोग जर आनुवंशिक असता, तर असे घडण्याचे कारण नव्हते. परंतु आकडे कितीही बोलके असले तरी त्यांनी रोगाचे कारण दाखवता येत नव्हते. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली काही तरी सापडायला हवे होते.

१८७० साली सूक्ष्मदर्शकाचे तंत्र शिकण्यासाठी हॅन्सेन जर्मनीतील बॉन येथे गेले. त्याच वर्षी जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि पुढे त्यांना व्हिएन्ना गाठावे लागले. तेथे डार्विन यांच्या उत्क्रांतिवादाचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले आणि त्यांची विचार करण्याची रीतच पालटून गेली. पुढे आयुष्यभर ते डार्विन यांचे पुरस्कर्ते राहिले आणि नॉर्वेतील सामान्य वाचकांसाठी त्यांनी या विषयावर लेखनही केले.

१८७३ हे वर्ष हॅन्सेन यांच्या आयुष्यात मोठ्या सुखाचे आणि मोठ्या दुःखाचे ठरले. जानेवारीत त्यांचा विवाह डॅनिएलसन यांची कन्या स्टेफनी हिच्याशी झाला. ज्यांचा सिद्धांत खोडून काढण्यासाठी ते झटत होते, तेच आता त्यांचे सासरेही झाले. जावई आपले मत मोडू पाहत आहे हे ठाऊक असूनही डॅनिएलसन यांनी त्यांना कधी आडकाठी केली नाही. उलट रुग्णालय, उपकरणे आणि वेळ हे सारे त्यांना मोकळेपणाने दिले. विद्येच्या क्षेत्रात असे औदार्य वारंवार दिसत नाही.

२८ फेब्रुवारी १८७३ रोजी हॅन्सेन यांनी एका रुग्णाच्या गाठीतून काढलेले ताजे द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जंतूंना रंग देऊन उठावदार करण्याची पद्धत तेव्हा हाताशी नव्हती. तरीही पेशींच्या आत त्यांना बारीक, सरळ, काडीसारखे कण दिसले. पुन्हा पुन्हा तपासले तरी ते तसेच दिसत. निरोगी शरीरात ते सापडत नव्हते. १८७४ साली हॅन्सेन यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याला काय दिसले हे त्यांनी स्वच्छपणे मांडले. पण हेच रोगाचे कारण होय, असे छातीठोकपणे सांगण्याचे मात्र टाळले. पुरावा अपुरा आहे, हे त्यांना स्वतःलाच जाणवत होते. माणसाला जडणाऱ्या एखाद्या जुनाट रोगाशी जंतूचा संबंध दाखवणारे हे पहिलेच निरीक्षण होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ साली.

या आनंदावर त्याच वर्षी विरजण पडले. ऑक्टोबर महिन्यात स्टेफनी क्षयाने वारली. संसार दहा महिन्यांचाही झाला नाही. दोन वर्षांनी हॅन्सेन यांनी योहाने तिडेमान या विधवेशी विवाह केला. त्यांना जो मुलगा झाला त्याला त्यांनी आपल्या पहिल्या सासऱ्यांचे, डॅनिएल कॉर्नेलिउस हेच नाव दिले. तोही पुढे डॉक्टर झाला.

याच सुमारास बर्गनला एक पाहुणा येऊन गेला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले आणि साताऱ्यात कित्येक वर्षे सिव्हिल सर्जन म्हणून काम केलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हेच ते पाहुणे. शरीररचनाशास्त्राच्या ग्रे यांच्या विख्यात ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढली आहेत. पश्चिम भारतातील कुष्ठरुग्णांच्या जाड झालेल्या नसा तपासून त्यांनी त्यांवर पूर्वीच लिहिले होते. १८७३ साली रजेवर असताना त्यांनी नॉर्वेतील कुष्ठालये पाहिली, हॅन्सेन यांचे काम समजून घेतले आणि पुढच्या वर्षी त्यावर अहवाल लिहून भारतातही तशी व्यवस्था व्हावी असा आग्रह धरला. हॅन्सेन यांच्या शोधाचे महत्त्व ओळखणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत साताऱ्याच्या या सिव्हिल सर्जनचा समावेश होतो, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे.

१८७९ साली आणखी एक पाहुणा आला. आल्बर्ट नायसर हा जर्मन डॉक्टर तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. हॅन्सेन यांनी त्याचे स्वागत केले, आपल्याला काय आढळले ते सांगितले आणि रुग्णांच्या शरीरातील नमुनेही बरोबर दिले. नायसर यांच्या हाती नवे रंग होते. ब्रेस्लाऊला परतल्यावर त्यांनी ते नमुने रंगवले आणि काड्यांसारखे जंतू लख्ख दिसू लागले. त्यांनी तत्काळ निबंध प्रसिद्ध केला आणि कुष्ठरोगाचे कारण शोधल्याचे श्रेय मुख्यत्वे आपल्याकडे घेतले. हॅन्सेन यांना याचा धक्का बसला. १८८० साली त्यांनी आपल्या निरीक्षणांचा सारा इतिहास तारीखवार लिहून अनेक भाषांत छापला. पुढे जगाने श्रेय हॅन्सेन यांनाच दिले. तरी न्यायाने बोलायचे, तर जंतू रंगवून सर्वांना स्पष्ट दिसेल असा करण्याचे काम नायसर यांनी केले, हेही मान्य करावे लागते.

जंतू दिसला, पण त्यानेच रोग होतो हे सिद्ध करायचे कसे? जंतू काचपात्रात वाढवावा, तो निरोगी प्राण्यात सोडावा आणि तोच रोग उत्पन्न होतो का ते पाहावे, ही त्यावरची शास्त्रीय वाट. हॅन्सेन यांनी सशांवर प्रयोग केले. काही साधले नाही. काचपात्रात जंतू वाढेना. (आजतागायत कोणालाही तो कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढवता आलेला नाही.) या अपयशाने हॅन्सेन अधीर झाले आणि त्यांच्या हातून एक अपराध घडला.

रोगाच्या दोन रूपांविषयीचा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. गाठींच्या रूपात जंतू विपुल सापडत. बधिर चट्ट्यांच्या रूपात ते शोधूनही क्वचितच सापडत. मग हे दोन निराळे रोग तर नव्हेत? एकाच जंतूमुळे दोन्ही होतात, असे हॅन्सेन यांचे अनुमान होते. ३ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांनी बधिर प्रकारच्या कुष्ठाने कित्येक वर्षे आजारी असलेल्या एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यात, गाठींच्या रुग्णाचे द्रव्य सुरीच्या टोकाने टोचले. तेथे गाठ उठते का, हे त्यांना पाहायचे होते. आपण काय करणार आहोत हे त्यांनी तिला सांगितले नाही. तिची परवानगी घेतली नाही. तिला नवा रोग झाला नाही. पण वेदना झाल्या, भय वाटले आणि तिने तक्रार केली.

प्रकरण न्यायालयात गेले. हॅन्सेन यांनी काही लपवले नाही. विचारले असते तर तिने नकारच दिला असता, म्हणून विचारले नाही, हेही त्यांनी कबूल केले. या कबुलीतच त्यांचा दोष उघड होतो. ती स्त्री गरीब होती, रुग्णालयाबाहेर तिला आसरा नव्हता आणि डॉक्टरांना नाही म्हणणे तिच्यासारखीला सोपे नव्हते. अशा स्थितीतही तिने दाद मागितली. ३१ मे १८८० रोजी बर्गनच्या न्यायालयाने निकाल दिला आणि हॅन्सेन यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. तोपर्यंत जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाविरुद्ध एका निर्धन रुग्णाच्या बाजूने न्यायालय उभे राहिले, ही त्या काळी अपूर्व घटना होती. रुग्णाच्या संमतीचा विषय निघतो तेव्हा वैद्यकाचे इतिहासकार आजही या खटल्याचा दाखला देतात. हॅन्सेन यांना पुन्हा त्या रुग्णालयात रुग्ण तपासण्याचे काम मिळाले नाही. देशाचे कुष्ठरोगविषयक मुख्य वैद्यकीय अधिकारी हे त्यांचे १८७५ पासूनचे पद मात्र कायम राहिले.

या पदावरून त्यांनी जे केले, त्याचा परिणाम अधिक दूरगामी ठरला. त्या काळी नॉर्वेत निराधार कुष्ठरुग्णांना शेतकऱ्यांच्या घरी पाळीपाळीने राहण्यास पाठवण्याची रूढी होती. १८७७ च्या कायद्याने ती बंद झाली. १८८५ च्या कायद्याने ठरवले, की रुग्णाला घरी राहायचे असेल तर त्याची खोली, अंथरूण आणि भांडी वेगळी असावीत. ते शक्य नसेल तर त्याने रुग्णालयात राहावे. प्रसंगी पोलिसांच्या साहाय्याने रुग्णाला हलवण्याचीही तरतूद त्यात होती. माणसाला आपल्या माणसांपासून तोडणाऱ्या या नियमावर तेव्हाही टीका झाली. मात्र नॉर्वेतील रुग्णालये सरकारी खर्चाने चालत आणि घरी राहण्याचा पर्यायही खुला होता. इतर देशांनी नॉर्वेचे उदाहरण पुढे करून याहून फार कठोर कायदे केले. भारतात १८९८ साली झालेला कायदा त्यांपैकीच होय. तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. नॉर्वेत विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णांची संख्या ६०० च्या खाली आली. हे अलगीकरणामुळे घडले की लोकांचे राहणीमान आणि अन्न सुधारल्यामुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आनुवंशिकतेचा प्रश्न हॅन्सेन यांनी आणखी एका मार्गाने निकालात काढला. नॉर्वेतून अनेक कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली होती आणि त्यांत कुष्ठरुग्णही होते. १८८८ साली हॅन्सेन अमेरिकेला गेले आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन या भागांत फिरून त्यांनी या कुटुंबांचा शोध घेतला. रुग्णांच्या मुला-नातवंडांत त्यांना एकही रोगी आढळला नाही. रोग रक्तातून उतरत असता, तर समुद्र ओलांडल्याने तो थांबला नसता.

रोग नेमका ओळखणे हे हॅन्सेन यांच्या कामाचे दुसरे अंग होते आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. १८९५ साली त्यांनी डॉ. लोफ्ट यांच्याबरोबर लिहिलेला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. रोगाची दोन्ही रूपे एकाच जंतूची आहेत, हे त्यात त्यांनी आग्रहाने मांडले. आजचे वैद्यकशास्त्र हेच मानते. ज्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती चांगली, त्याच्या अंगावर थोडे चट्टे येतात आणि जंतू विरळ असतात. ज्याची प्रतिकारशक्ती दुबळी, त्याच्या शरीरात जंतू अमाप वाढतात. आज रोगनिदानासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, आणि त्यावर कापसाचा स्पर्श समजतो का. कोपर, गुडघा, घोटा, मान येथील नसा हाताला जाड लागतात का. आणि कानाच्या पाळीला किंवा चट्ट्याला बारीक चीर देऊन घेतलेल्या द्रवात, काचपट्टीवर रंगवल्यावर, जंतू दिसतात का. यांपैकी तिसरी तपासणी हॅन्सेन यांच्या शोधाचीच देणगी आहे.

रोगापेक्षाही ज्याने रुग्णांचे अधिक नुकसान केले, ते मात्र हॅन्सेन यांच्या काळात पुरते उलगडले नव्हते. बर्गनच्या रुग्णालयांत काही रुग्णांना एकाएकी ताप भरे, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठत, डोळे लाल होऊन दृष्टी जाई, नसा सुजून ठणकत आणि थोड्याच दिवसांत हात किंवा पाऊल लुळे पडे. डोळ्यांचा हा दाह हॅन्सेन यांनी फार जवळून पाहिला होता. जंतू दिसला त्याच वर्षी, १८७३ मध्ये, डॉ. ओले बुल या नेत्रवैद्याबरोबर त्यांनी कुष्ठरोगातील नेत्रविकारांवर पुस्तक लिहिले होते. अशा वेळी रोग उसळला, असेच डॉक्टर समजत. आज आपण याला लेप्रा रिॲक्शन म्हणतो. येथे नुकसान जंतूंच्या वाढीने होत नाही. जंतूंविरुद्ध शरीरच जो लढा उभारते, त्यातून सूज आणि दाह निर्माण होतो आणि त्यात नसा भरडल्या जातात.

रिॲक्शनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात जुनेच चट्टे लाल होऊन फुगतात आणि नसा दुखू लागतात. दुसऱ्यात नव्या दुखऱ्या गाठी येतात, ताप येतो, सांधे धरतात, डोळ्यांना सूज येते. उपचार सुरू होण्यापूर्वी, उपचार चालू असताना किंवा ते संपल्यानंतरही रिॲक्शन येऊ शकते. औषध चालू असताना ती आली, की औषधानेच बिघडले असे समजून अनेक रुग्ण गोळ्या सोडतात. तसे करणे घातक असते. मूळ औषध चालू ठेवून दाह शमवणारे औषध, बहुधा प्रेडनिसोलोन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने घ्यावे लागते. नस सुजल्यानंतर ते जितके लवकर मिळेल, तितकी हाताची किंवा पायाची शक्ती परत येण्याची शक्यता अधिक. कधी कधी नस न दुखताच निकामी होत जाते. म्हणूनच रुग्णाच्या बोटांची ताकद आणि तळव्यांची संवेदना दर भेटीत तपासायची असते. चट्ट्यापुरतेच पाहणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून हे निसटते.

हॅन्सेन यांच्या हयातीत यातले एकही औषध नव्हते. जंतूवर मात करणारी सल्फोन गटातील औषधे १९४० नंतर आली. तीन औषधे एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवली आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. भारतात हे उपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. तरीही २०२३ या एका वर्षात देशात १ लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले.

उतारवयात हॅन्सेन यांना देशोदेशी मान मिळाला. बर्गनच्या संग्रहालयाचे ते अध्यक्ष होते; समुद्रातील कृमींचा अभ्यास हा त्यांचा आवडता छंद तेथे त्यांना जोपासता आला. १९०१ साली संग्रहालयाच्या बागेत त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. १९०९ साली दुसरी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद बर्गनलाच भरली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्या वर्षी त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या. हृदयविकाराने त्यांना बरीच वर्षे ग्रासले होते, पण दौरे थांबले नव्हते. अशाच एका तपासणी दौऱ्यावर असताना १२ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्लोरो या किनाऱ्यावरील गावी त्यांचे निधन झाले. ज्या दुखऱ्या गाठी ते आयुष्यभर पाहत आले, त्यांचे वर्णन करून मुराता या जपानी डॉक्टरांनी त्याच वर्षी त्यांना वेगळे नाव दिले.

बर्गनचे सेंट यॉर्गन कुष्ठालय त्यानंतरही चालू राहिले. तेथील अखेरचे दोन रुग्ण १९४६ साली वारले. त्या लाकडी खोल्या आता संग्रहालय म्हणून जपून ठेवल्या आहेत आणि १८५६ पासूनच्या रुग्णनोंदींसह बर्गनच्या कुष्ठरोगविषयक कागदपत्रांना युनेस्कोने २००१ साली जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले आहे.